रुंदपर्णी वनातील विरळणी: निवडक झाडांचे छत्र मोकळे कसे करावे

विरळणी म्हटले की हातात कुऱ्हाड घेऊन 'कोणते झाड काढू' असा विचार करत वनात शिरण्याची सवय पुष्कळांना असते आणि बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात. वाकडे, किडके, बारीक, दबून गेलेले असे जे जे नजरेला खुपते ते काढून टाकले की वन नीटनेटके दिसते, काम केल्याचे समाधानही मिळते; मात्र पाच वर्षांनी मोजमाप घेतले तर चांगल्या झाडांचा घेर पूर्वीच्याच संथ गतीने वाढलेला आढळतो. याचे कारण असे की, जी झाडे काढली ती चांगल्या झाडांच्या उजेडाच्या आड येतच नव्हती. त्यांचे शेंडे खाली, सावलीत होते. येथे वर्णन केलेल्या पद्धतीत क्रम उलटा आहे. शेवटपर्यंत कोणते झाड ठेवायचे ते आधी ठरवायचे, मग त्याच्या छत्राला, म्हणजे फांद्या-पानांच्या पसाऱ्याला, कोणाचे छत्र भिडते आहे ते मान वर करून पाहायचे आणि तेवढीच झाडे काढायची. उरलेल्या वनाला हात लावायचा नाही, आणि अनुभव असा की या पद्धतीतला सर्वांत अवघड भाग हाच आहे.

हे मार्गदर्शन ओक, अ‍ॅश, बीच, मॅपल, अक्रोड, चेरी, साग यांसारख्या रुंद पानांच्या आणि कठीण लाकडाच्या झाडांच्या तरुण वनासाठी आहे. वन आपोआप उगवलेले असेल तर ही पद्धत विशेष उपयोगी पडते, कारण तेथे जाती मिसळलेल्या असतात, झाडांमधील अंतरे वेडीवाकडी असतात आणि ओळी धरून तोडण्याचा प्रश्नच येत नाही. लागवडीच्या वनात पहिली विरळणी बहुधा यांत्रिक असते. उदाहरणार्थ, २ × २ मीटर अंतरावर लावलेल्या सागाच्या हेक्टरी २,५०० झाडांमधून एकाआड एक तिरपी ओळ काढली की १,२५० झाडे उरतात आणि अंतर सुमारे २.८ मीटर होते. त्यानंतरच्या विरळणीत मात्र झाड पाहूनच निर्णय घ्यावा लागतो, आणि पुढील विवेचन तेथेही लागू पडते.

छत्र आणि घेर

झाडाने पानांत तयार केलेले अन्न सर्व भागांना सारखे वाटले जात नाही. श्वसन, नवी पाने, नवी मुळे आणि शेंड्याची वाढ यांची गरज आधी भागते. खोडाला जाडी देणारा थर हा त्या रांगेत शेवटी उभा असतो. त्यामुळे गर्दीत वाढणारे झाड उंचीने फारसे मागे पडत नाही, पण त्याचे छत्र आक्रसत जाते, खालच्या फांद्या सावलीत मरतात आणि खोडाला उरलेसुरले अन्नच मिळते. बाजूची जागा मोकळी झाली की प्रथम छत्र रुंदावते, पाने वाढतात, आणि मग एक-दोन वर्षांच्या अंतराने वार्षिक वलये जाड होऊ लागतात. विरळणीचा परिणाम उंचीवर नव्हे तर घेरावर दिसतो, तो यामुळेच.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विरळणी केल्याने हेक्टरी एकूण लाकूड वाढत नाही. जमीन, पाणी आणि सूर्यप्रकाश जेवढा आहे तेवढाच राहतो आणि घनतेच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात वनाची एकूण वाढ जवळपास सारखीच भरते. आपण करतो ते एवढेच की, जी वाढ शेकडो खोडांवर थोडी थोडी विखुरली जात होती, ती मोजक्या, सरळ आणि निरोगी खोडांकडे वळवतो. जाड आणि गाठींविना असलेल्या ओंडक्याला फळ्यांसाठी आणि व्हिनियरसाठी (लाकडाच्या पातळ पापुद्र्यांसाठी) जी मागणी असते ती त्याच घनफळाच्या दहा बारीक वाशांना नसते, म्हणून हा खटाटोप परवडतो. ज्याला केवळ सरपण किंवा कागदाचा लगदा हवा आहे, त्याने या भानगडीत पडू नये.

वेळ साधणे

फार लवकर विरळणी केली तर खालच्या फांद्या जिवंत राहतात, जाड होतात आणि ओंडक्यात मोठ्या गाठी पडतात. गर्दी ही तरुणपणी उपकारकच असते. तीच झाडाला सरळ वर ओढते आणि खालच्या फांद्या वाळवून पाडते. उलट फार उशीर केला तर छत्र इतके लहान झालेले असते की, मोकळी जागा मिळूनही झाडाला ती भरता येत नाही. या दोहोंमधला काळ खोडावरून ओळखता येतो. चांगल्या झाडांच्या खोडाचा जमिनीपासून साधारण ५ ते ७ मीटरचा भाग जिवंत फांद्यांपासून मुक्त झाला, शेंडे एकमेकांत मिसळून छत बंद झाले आणि कोणती झाडे पुढे सरकली हे स्पष्ट दिसू लागले की पहिली विरळणी करावी. बहुतेक समशीतोष्ण जातींत हा टप्पा १५ ते २५ वर्षांच्या दरम्यान येतो, परंतु चांगल्या जमिनीवर तो लवकर आणि खडकाळ उतारावर उशिरा येत असल्यामुळे वयापेक्षा खोडाकडे पाहणे अधिक विश्वासार्ह आहे.

जातीचा स्वभावही येथे लक्षात घ्यावा लागतो. ओक, अ‍ॅश, अक्रोड, चेरी आणि साग या उजेडाच्या भुकेल्या जाती आहेत. एकदा का त्यांचे छत्र दबले की नंतर कितीही जागा दिली तरी ती बहुधा सावरत नाहीत. बीच आणि शुगर मॅपल सावली सोसतात आणि उशिरा मिळालेल्या मोकळिकीलाही प्रतिसाद देतात. मिश्र वनात म्हणून आधी पहिल्या गटाकडे धावावे, दुसरा गट काही वर्षे थांबू शकतो.

ठेवायच्या झाडांची निवड

हेक्टरी किती झाडे निवडावीत हे पूर्ण वाढ झालेल्या झाडाच्या छत्रावरून ठरते. अंतिम झाडांमध्ये १० ते १२ मीटर अंतर धरले, तर हेक्टरी ७० ते १०० झाडांचीच जागा असते. यापेक्षा अधिक निवडण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण तरुण वनात शेकडो झाडे आश्वासक दिसतात; परंतु हेक्टरी २०० झाडे निवडणे म्हणजे काही वर्षांनी निवडलेल्यांपैकीच निम्मी तोडण्याची तयारी करणे होय. अंतर काटेकोरपणे पाळण्याचेही कारण नाही. एखाद्या कोपऱ्यात निवडण्याजोगे एकही झाड नसेल तर तो कोपरा तसाच सोडावा. केवळ नकाशा भरण्यासाठी सुमार झाडाला बढती देऊ नये. दोन उत्तम झाडे चार-पाच मीटरवर शेजारी शेजारी उभी असतील आणि दोन्ही सोडवत नसतील, तर त्या जोडीला एकच छत्र समजून तिच्या बाहेरच्या सर्व बाजू मोकळ्या करता येतात.

पहिली कसोटी छत्राच्या स्थानाची आहे. जर्मन वनतज्ज्ञ गुस्ताव क्राफ्ट यांनी १८८४ मध्ये झाडांचे छतातील स्थानानुसार पाच वर्ग मांडले आणि थोड्याफार फरकाने तीच विभागणी, बहुधा चार वर्गांत, आजही वापरली जाते. ज्यांचे शेंडे छताच्या वर निघालेले आहेत ती प्रभावी झाडे, ज्यांचे शेंडे छताच्या पातळीत आहेत आणि ज्यांना वरून भरपूर पण बाजूने थोडाच उजेड मिळतो ती सहप्रभावी, जी छतात कशीबशी डोके घुसवून आहेत ती मध्यम, आणि त्याखालची दबलेली. निवड पहिल्या दोन वर्गांतूनच करावी. मध्यम वर्गातले सुंदर सरळ खोड पाहून दया येते, परंतु ते झाड शर्यतीत आधीच मागे पडलेले असते आणि त्याला मोकळे करण्यासाठी त्याच्यापेक्षा सशक्त झाडे तोडावी लागतात.

छत्राचा आकारही पाहावा. जिवंत छत्राची लांबी झाडाच्या एकूण उंचीच्या निदान एक-तृतीयांश असावी. ती त्याहून कमी असेल तर मिळालेली जागा भरून काढण्याइतकी पाने झाडाकडे नसतात. छत्र सर्व बाजूंनी सारखे पसरलेले असेल तर उत्तम, एकाच बाजूला कललेले असेल तर खोडाच्या आतल्या लाकडातही ताण असतो आणि असे लाकूड कापल्यावर पिळवटते.

याखेरीज झाडाच्या उंचीला छातीच्या उंचीवरील व्यासाने भागून पाहावे, दोन्ही एकाच एककात घेऊन. १६ मीटर उंच आणि २० सेंटिमीटर व्यासाच्या झाडाचे हे गुणोत्तर ८० येते आणि ते झाड वाऱ्यात उभे राहते. १६ मीटर उंचीला व्यास १६ सेंटिमीटरच असेल तर गुणोत्तर १०० येते, आणि असे काठीसारखे झाड शेजाऱ्यांच्या आधारावर उभे असते. तो आधार एकदम काढला तर पहिल्याच वादळात किंवा बर्फाच्या ओझ्याखाली ते वाकते.

आता खोड. पहिले ५ ते ७ मीटर सरळ, गोल आणि निर्दोष असणे ही किमान अपेक्षा आहे, कारण झाडाच्या मूल्याचा मोठा भाग या बुंध्याकडच्या ओंडक्यातच असतो. सालीवरची उभी जखम, खोडावरची फुगीर गाठ, कंसासारखी बाहेर आलेली बुरशी, बुंध्याशी असलेली पोकळी, सालीच्या नक्षीत दिसणारा पीळ, यांपैकी काहीही आढळल्यास ते झाड नाकारावे. झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारल्याशिवाय निर्णय घेऊ नये. चांगल्या दिसणाऱ्या झाडाचा दोष नेमका पलीकडच्या बाजूला असतो, याचा अनुभव ज्याने खुणा केल्या आहेत त्या प्रत्येकाला येतो.

बेचक्याकडे विशेष लक्ष द्यावे. दोन फांद्या इंग्रजी 'यू'सारख्या गोलाईने वेगळ्या होत असतील आणि बेचके पुरेसे उंचावर असेल तर झाड स्वीकारता येते. बेचके 'व्ही'सारखे टोकदार असेल आणि दोन फांद्यांमध्ये साल आत दबत गेलेली दिसत असेल, तर तो सांधा मुळातच कच्चा असतो. छत्र वाढून वजन वाढले की तो उभा फाटतो.

पूर्वीच्या तोडीनंतर बुडख्यांवरून फुटलेल्या झाडांचा प्रश्न रुंदपर्णी वनात हमखास येतो. फुटवा जमिनीलगत, म्हणजे फार तर १५ सेंटिमीटर उंचीवरून निघालेला असेल तर तो बियाण्याच्या झाडाइतकाच चांगला समजावा. उंच बुडख्याच्या माथ्यावरून निघालेला फुटवा मात्र टाळावा, कारण बुडखा कुजतो तेव्हा कुज त्याच्या गाभ्यात शिरते. एकाच बुडख्यावर दोन खोडे असतील आणि त्यांच्यामध्ये जमिनीशी रुंद गोलाई असेल तर एक काढून दुसरे ठेवता येते. ती दोन्ही बुंध्याशी चिकटलेली असतील तर एक कापल्याने झालेली जखम दुसऱ्याच्या पोटात कुज नेते, म्हणून एक तर दोन्ही ठेवावीत किंवा दोन्ही काढावीत.

निवडलेल्या झाडाला छातीच्या उंचीवर, दोन विरुद्ध बाजूंनी, ठळक रंगाची खूण करावी. काढायच्या झाडांसाठी वेगळा रंग वापरावा आणि त्यांना बुंध्याशीही एक ठिपका द्यावा, म्हणजे तोडीनंतर बुडखे पाहून खूण नसलेले झाड तोडले गेले का ते तपासता येते. संपूर्ण क्षेत्रातील ठेवायच्या झाडांच्या खुणा पूर्ण होईपर्यंत एकाही झाडावर तोडीची खूण करू नये. दोन्ही कामे एकाच फेरीत उरकण्याचा प्रयत्न केला की नजर पुन्हा वाईट झाडांकडे वळते आणि निवड मागे पडते.

छत्र मोकळे करणे

निवडलेल्या झाडाच्या बुंध्याशी उभे राहून वर पाहावे आणि त्याच्या छत्राचे मनातल्या मनात चार भाग करावेत. मग छत्राच्या कडेखाली, म्हणजे पावसाचे पाणी जेथे टपकते त्या रेषेवर येऊन एकेका बाजूला पाहावे. ज्या बाजूला शेजारच्या झाडाचे छत्र आपल्या झाडाच्या छत्राला भिडलेले, त्यात घुसलेले किंवा त्यावर झुकलेले आहे ती बाजू बंद, आणि जेथे दोहोंमध्ये आकाश दिसते ती मोकळी. नियम सोपा आहे: जे झाड भिडते ते काढायचे, ते कितीही देखणे असले तरी. छत्राला न भिडणारे झाड, ते कितीही वाकडे असले तरी, राहू द्यायचे.

तरुण झाडाच्या निदान तीन बाजू, आणि शक्य तेथे चारही बाजू मोकळ्या कराव्यात. एकच बाजू मोकळी केल्यास छत्र त्या दिशेला कलते आणि घेरात पडणारा फरक नगण्य राहतो; श्रम मात्र होतात. छत्राच्या कडेपासून दीड ते तीन मीटरची मोकळी जागा मिळाली तर ती काही वर्षे पुरते. उदाहरणादाखल, दोन्ही बाजूंची छत्रे वर्षाला १५ सेंटिमीटर पसरतात असे धरले तर तीन मीटरची फट बुजायला दहा वर्षे लागतात, आणि दीड मीटरची पाच वर्षांतच बुजते. पुढची विरळणी कधी करणे शक्य आहे, याचा अंदाज घेऊन ही फट ठरवावी.

सहप्रभावी झाडे तोडताना हात अडखळतो. ठेवायच्या झाडाचा खरा प्रतिस्पर्धी हा बहुधा त्याच्याच तोलामोलाचा, त्याच्यापेक्षा जेमतेम उणा असा शेजारी असतो; विरळणीत पडायला हवा तो तोच. नेमके तेच झाड 'पुढच्या वेळी पाहू' म्हणून सोडले जाते आणि पायथ्याशी वाढलेली झुडपे व दबलेली रोपे मात्र साफ केली जातात. वास्तविक या खालच्या झाडांचा निवडलेल्या झाडाच्या छत्राला काहीच उपद्रव नसतो. उलट ती खोडाला सावली देतात, मातीवर ऊन पडू देत नाहीत आणि गवत माजू देत नाहीत. त्यांना राहू द्यावे.

वेली याला अपवाद आहेत. निवडलेल्या झाडावर चढलेली जाड वेल छत्रावर पसरून उजेड अडवते, वजनाने फांद्या मोडते आणि शेजारचे झाड पाडताना दोघांना बांधून ठेवते. ती जमिनीजवळ कापून, वरचा भाग वाळून आपोआप पडेपर्यंत तसाच लोंबू द्यावा. ओढून काढण्याचा प्रयत्न धोक्याचा असतो.

लाकडाव्यतिरिक्त इतर हेतूंनीही झाडे निवडता येतात. ढोली असलेले जुने झाड, पक्ष्यांना व प्राण्यांना फळे पुरवणारे झाड किंवा क्षेत्रात दुर्मीळ असलेली जात यांना लाकडाची कसोटी लावू नये. अशी काही झाडे वेगळ्या खुणेने राखून ठेवावीत, म्हणजे तोडणाऱ्याच्या तावडीतून ती सुटतात.

किती काढले, हे मोजणे

डोळ्याचा अंदाज विरळणीत फसवतो, म्हणून खुणा झाल्यावर आणि तोडीपूर्वी एकदा मोजमाप घ्यावे. २० × २० मीटरचा चौकोन आखल्यास तो हेक्टरचा पंचविसावा भाग होतो. समजा, त्यात ६० झाडे आहेत आणि त्यांचा सरासरी व्यास १४ सेंटिमीटर आहे. व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग केला आणि ०.७८५४ ने गुणले की एका खोडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मिळते. येथे ते सुमारे ०.०१५४ चौरस मीटर येते, ६० झाडांचे ०.९२ आणि हेक्टरी सुमारे २३ चौरस मीटर. या चौकोनात तीन झाडे निवडली आणि प्रत्येकी पाच प्रतिस्पर्धी काढायचे ठरले, तर १५ झाडे, म्हणजे संख्येने चौथा हिस्सा जातो. परंतु प्रतिस्पर्धी हे सरासरीपेक्षा जाड असतात. त्यांचा व्यास १६ सेंटिमीटर धरला तर काढले जाणारे छेदक्षेत्र हेक्टरी सुमारे ७.५ चौरस मीटर भरते, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश.

एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा अधिक छेदक्षेत्र काढू नये. मर्यादा ओलांडली जात असल्याचे दिसल्यास प्रत्येक झाडाची मोकळीक कमी करण्याऐवजी निवडलेल्या झाडांची संख्या कमी करावी. अर्धवट मोकळ्या केलेल्या शंभर झाडांपेक्षा पूर्ण मोकळी केलेली साठ झाडे अधिक लाभ देतात.

व्यास मोजण्याची उंची अनेक देशांत १.३ मीटर आणि काही ठिकाणी १.३७ मीटर मानली जाते. कोणतीही घेतली तरी चालते, पण दर वेळी तीच घ्यावी. साधी मोजपट्टी असेल तर घेर मोजून त्याला ३.१४ ने भागावे.

खोडावरचे फुटवे

अचानक उजेड पडल्यावर सालीखाली वर्षानुवर्षे झोपलेले डोळे जागे होतात आणि स्वच्छ खोडावर बारीक फांद्यांचे झुपके फुटतात. प्रत्येक फुटवा म्हणजे लाकडात एक गाठ. ओकमध्ये, विशेषतः व्हाइट ओकमध्ये हा दोष फार आढळतो, सागातही दिसतो; अ‍ॅशमध्ये तो कमी असतो. मात्र हा दोष उजेडाच्या माथी मारून विरळणीच टाळणे ही चूक आहे. मोठ्या, सशक्त छत्राच्या झाडाला फुटवे क्वचितच येतात. ज्याचे छत्र आधीच आक्रसलेले आहे ते झाड मात्र घाईघाईने पाने वाढवण्यासाठी खोडावरूनही फुटते. म्हणजे निवड नीट झाली असेल तर निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला प्रश्न खोडाभोवतीची दबलेली झाडे न काढल्याने सुटतो, कारण ती खोडावर थेट ऊन पडू देत नाहीत. मध्यमवयीन ओकच्या वनात, जेथे विरळणीला आधीच उशीर झाला आहे, तेथे मोकळीक दोन हप्त्यांत द्यावी: आज दोन बाजू, आणि चार-पाच वर्षांनी उरलेल्या.

प्रत्यक्ष तोड

झाडे विश्रांतीत असतानाचा काळ तोडीसाठी उत्तम असतो. नवी पालवी फुटण्याच्या सुमारास साल लाकडापासून सहज सुटते आणि पडणाऱ्या झाडाचा नुसता धक्का लागला तरी ठेवलेल्या झाडाच्या खोडावरची साल सोलली जाते. पक्ष्यांची घरटीही याच काळात असतात. उत्तर अमेरिकेतील ओक विल्ट या बुरशीजन्य रोगाच्या पट्ट्यात वसंत ऋतूपासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत ओकला जखम करणे टाळतात, कारण ताज्या जखमेवर येणारे भुंगे रोग पसरवतात. जमीन ओली असताना ओंडके ओढण्याची यंत्रे आत नेऊ नयेत. चाकांखाली दाबलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि विरळणीने दिलेला लाभ तेथेच गमावला जातो. तोडीची परवानगी जेथे आवश्यक असेल तेथे ती खुणा दाखवून आधीच घ्यावी.

लाकूड विकायचे नसेल तर प्रत्येक झाड पाडण्याची गरज नाही. खोडाभोवती साल आणि तिच्या आतले कोवळे लाकूड तीन-चार सेंटिमीटर खोलीपर्यंत कापणारी दोन पूर्ण वलये, एकमेकांपासून वीतभर अंतरावर घेतली, तर झाड उभ्याउभ्या मरते, हळूहळू मोडते आणि निवडलेल्या झाडावर एकदम आदळत नाही. असे वाळके झाड सुतारपक्ष्यांना आणि कीटकांना आसरा देते; परंतु पायवाट, कुंपण किंवा बसण्याची जागा यांच्या जवळ ही पद्धत वापरू नये. खाचेत तणनाशक टाकून झाड मारण्याची प्रथाही आहे. तेथे एक सावधगिरी बाळगावी: एकाच जातीच्या शेजारील झाडांची मुळे जमिनीखाली एकमेकांना जोडलेली असू शकतात आणि त्या वाटेने औषध ठेवलेल्या झाडातही शिरते. प्रतिस्पर्धी त्याच जातीचा असेल तर त्याला करवतच लावावी.

दाट वनात तोड करताना सर्वांत मोठा धोका अडकलेल्या झाडाचा असतो. कापलेले झाड जमिनीवर न येता शेजारच्याच्या फांद्यांत तिरपे अडकते आणि कोणत्याही क्षणी घसरते. त्याच्याखाली जाऊ नये, त्यावर चढू नये, आणि ज्या झाडाने ते तोलून धरले आहे ते तर मुळीच कापू नये. दोरखंड किंवा चरखी लावून बुंधा मागे ओढत ते खाली आणावे. ते तत्काळ जमत नसेल तर त्या जागेभोवती खूण बांधून इतरांना तेथे जाऊ देऊ नये.

चेनसॉ वापरणाऱ्याने शिरस्त्राण, चेहऱ्यावर जाळी, कानांना आवरण, पायांना कापरोधक पॅन्ट आणि जाड बूट घातलेच पाहिजेत. पाडण्यापूर्वी झाडाचा कल, वरच्या वाळक्या फांद्या आणि पडण्याची दिशा पाहून घ्यावी. पडण्याच्या विरुद्ध बाजूला तिरपी अशी मागे हटण्याची वाट साफ करून ठेवावी. पडण्याच्या बाजूला खाच घेऊन, मागून काप घेताना दोहोंमध्ये खोडाच्या व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी अखंड ठेवावी, कारण पडणाऱ्या झाडाला दिशा देणारी बिजागरी तीच असते. इतर माणसे झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावीत. एकट्याने हे काम करू नये. ज्याने कधी झाड पाडलेले नाही त्याने खुणा स्वतः कराव्यात आणि पाडण्याचे काम प्रशिक्षित माणसाकडे द्यावे.

तोडीनंतर

ठेवलेल्या झाडांच्या खोडांना तोडीत जखमा झाल्या का, हे लगेच पाहावे. तळहाताएवढी जखम झाड कालांतराने बुजवते. बुंध्याजवळ मातीला लागून झालेली मोठी जखम मात्र कुजीचे दार ठरते. बुडख्यांवरची वलये मोजून ठेवावीत, कारण तोडीपूर्वी वाढ केव्हापासून मंदावली हे त्यांवरच लिहिलेले असते: आतली वलये जाड आणि सालीकडची बारीक होत गेलेली दिसतील, आणि ज्या वलयापासून ती बारीक होऊ लागली तेथेच विरळणी व्हायला हवी होती असे समजावे. अ‍ॅश, ओक आणि साग यांसारख्या जातींत वलये जाड झाल्याने लाकूड पोकळ होत नाही, बहुधा अधिक भरीवच होते, त्यामुळे वेगाने वाढलेले झाड कमी प्रतीचे असते ही समजूत येथे लागू पडत नाही. मात्र बारीक वलयांनंतर एकदम जाड वलये असा खंड व्हिनियरमध्ये उठून दिसतो, म्हणून वाढ एकसारखी राखण्याच्या दृष्टीने वारंवार आणि सौम्य विरळणी ही विलंबाने केलेल्या जबर विरळणीपेक्षा चांगली.

पहिल्या वर्षी घेरात फरक दिसला नाही तर निराश होऊ नये. त्या वर्षी झाड छत्र आणि मुळे वाढवत असते. निवडलेल्या दहा-पंधरा झाडांवर क्रमांक टाकून दर दोन वर्षांनी त्याच जागी घेर मोजावा, आणि विरळणी न केलेल्या कोपऱ्यातल्या तितक्याच प्रभावी झाडांचाही. याच फेरीत छत्रांमधली फट किती उरली आहे ते पाहावे. फट बुजून फांद्या पुन्हा एकमेकींना घासू लागल्या की दुसरी विरळणी करावी. ती बहुधा सात ते दहा वर्षांनी येते. तेव्हा पहिल्या वेळच्या खुणांना बांधील राहू नये. एखाद्या निवडलेल्या झाडाचा शेंडा वादळात मोडला असेल, खोडावर बुरशी आली असेल किंवा शेजारी राहू दिलेल्या झाडाने त्याला मागे टाकले असेल, तर त्याची खूण पुसून ती शेजाऱ्यावर करावी आणि पुन्हा त्या नव्या झाडाच्या छत्राखाली जाऊन चारही बाजू पाहाव्यात.